गाव कागदावर कसं वाचावं: मुंबईत वाढलेल्या चाकरमान्यांच्या मुलांसाठी

परळच्या एका चाळीतल्या खोलीत आमच्या गावच्या मुंबई मंडळाची बैठक भरते. मागे देवळाच्या वर्गणीचा हिशेब चालू असताना एका पोराने सहज विचारलं, "पण गावात माणसं आहेत तरी किती?" चार उत्तरं आली. एकाने मतदार यादीतला आकडा सांगितला, दुसऱ्याने रेशनकार्डांवरून अंदाज केला, तिसऱ्याने मोबाइलवर जनगणनेचा आकडा काढला. गावाहून आलेले आबा म्हणाले, "संध्याकाळी दिवा लागतो अशी घरं मोजा, मग बोला." चारही आकडे वेगळे होते आणि एकही खोटा नव्हता. प्रत्येक आकडा वेगळ्या कचेरीचा होता, एवढंच.

ज्यांचा जन्म इथला, गावाशी नातं गणपती-शिमग्यापुरतं, आणि आता वडील थकल्यामुळे घरपट्टी, सातबारा, वारसनोंद अंगावर आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं रत्नागिरी जिल्ह्याची घेतो, कारण माझं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. सिंधुदुर्ग, रायगड, साताऱ्यातही कचेऱ्यांची शिडी हीच.

पहिली पायरी: गावाचं नाव नक्की करा

हे हास्यास्पद वाटेल, पण निम्मे घोळ इथेच होतात. तुम्ही ज्याला गाव म्हणता ती बहुतेक वेळा वाडी असते. सरकारदरबारी गाव म्हणजे महसुली गाव: ज्याचा नकाशा आहे, शीव आहे, सातबारे आहेत. त्याच्या पोटात वाड्या आणि कोंड. वाडीला स्वतःचा सातबारा नाही, जनगणनेत स्वतंत्र ओळही नाही. उलट, दोन-तीन लहान महसुली गावांना मिळून एकच ग्रामपंचायत असू शकते. तिला गट ग्रामपंचायत म्हणतात, बोलताना ग्रुप ग्रामपंचायत. म्हणजे तुमचं महसुली गाव एक, ग्रामपंचायत दुसऱ्याच नावाची, आणि घरी बोलताना वाडीचं नाव तिसरं.

त्यावर नावाला बुद्रुक (थोरलं) आणि खुर्द (धाकटं), कसबा आणि तर्फ अशी जोड. एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावं सहज सापडतात. घरात जुना सातबारा असेल तर त्यावर "मौजे" शब्दाच्या पुढे काय छापलंय ते अक्षरन् अक्षर उतरवून घ्या, तालुक्यासकट. सरकारच्या स्थानिक संस्थांच्या ऑनलाइन सूचीत प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला एकेक कोड दिलेला आहे. जनगणनेचा 2011चा गावकोड सहा आकडी आहे. दोन्ही कोड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नाव चुकलं तरी कोड चुकत नाही.

तालुक्याचं नाव आणि तालुक्याचं ठिकाण हेही वेगळं असू शकतं. आमचा तालुका संगमेश्वर, पण तहसील कचेरी देवरुखला. स्टेशनवर उतरून "तहसील कुठे" विचारणारा मुंबईकर दरवर्षी एक तरी भेटतो. त्याला पुन्हा एसटीत बसवावं लागतं. सिंधुदुर्ग जिल्ह्याचं मुख्यालयही किल्ल्याजवळ मालवणात नाही, ओरोसला आहे.

दुसरी पायरी: लोकसंख्येचा आकडा, आणि तो काय सांगत नाही

रत्नागिरी जिल्ह्यात 9 तालुके: मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा, राजापूर. 2001च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 साली ती 16,15,069 झाली. वाढली नाही, 81,708ने घटली. शेजारच्या सिंधुदुर्गातही तेच झालं: 8,68,825वरून 8,49,651. राज्य वाढत असताना हे दोन जिल्हे आटले.

माणसं कुठे गेली हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपणच ती माणसं. तरी एक आकडा बघाच. 2011 साली रत्नागिरीत पुरुष 7,61,121 आणि स्त्रिया 8,53,948 होत्या, म्हणजे दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. त्याच वर्षी मुंबई शहर जिल्ह्यात हे प्रमाण 832 आणि उपनगरात 860. एका टोकाला बायका जास्त, दुसऱ्या टोकाला पुरुष जास्त, आणि मधे मुंबई-गोवा महामार्ग. मात्र सगळा फरक मुंबईने नेलेल्या पुरुषांचाच आहे असं मानू नका. म्हाताऱ्या बायका जास्त जगतात, तेही त्यात आहे.

गंमत म्हणजे मुंबई शहर जिल्हाही त्या दहा वर्षांत आटला: 33,38,031वरून 30,85,411. गिरणगाव रिकामं होऊन माणसं विरार, डोंबिवली, पनवेलकडे सरकली. गावाहून निघालेलं कुटुंब दोनदा हललं, आणि दोन्ही वेळा मागच्या जिल्ह्याचा आकडा कमी करून गेलं.

आता तुमच्या गावाचा आकडा काढा. जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका मोफत मिळते. तिचे दोन भाग. एकात गावातल्या सोयी: शाळा, पाणी, दवाखाना, रस्ता, पोस्ट, आणि सोय गावात नसेल तर ती किती लांब. दुसऱ्यात प्राथमिक गोषवारा: कुटुंबं, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे. पानं इंग्रजीत आहेत, पण आकडे वाचायला कुणाची अडचण नसावी.

वाचताना तीन गोष्टी सांभाळा. साक्षरतेची टक्केवारी काढताना एकूण लोकसंख्येतून 0 ते 6 वयोगटाची मुलं आधी वजा करा, नाहीतर गाव उगाच निरक्षर दिसतं. काम करणाऱ्यांत "मुख्य" म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेले आणि "सीमांतिक" म्हणजे त्याहून कमी. भातशेतीच्या गावात दुसरा रकाना फुगलेला असतो, आणि त्यात बायका बऱ्याच असतात. वर्षभर गोठा, परडं, चूल करणाऱ्या काकीला कागदावर "काम न करणारी" म्हटलेलं दिसलं तर तिला दाखवू नका. तिसरी गोष्ट, काही गावांसमोर लोकसंख्या शून्य असते. ती छपाईची चूक नाही. त्या गावाला बेचिराख म्हणतात: शीव आहे, सातबारे आहेत, राहणारं कुणी नाही.

आणि 1981च्या आधीचे आकडे जोडताना जपून. 1 मे 1981 रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा काढला. त्या आधीचा "रत्नागिरी" हा आजच्या दोन जिल्ह्यांएवढा आहे.

आबांचा दिवा आणि जनगणना यांचं मात्र बऱ्यापैकी जमतं. 2011ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. माणूस नेहमी राहतो तिथे मोजायचा, हा नियम. त्या सगळ्या दिवसांत जो गावी नव्हता तो गावच्या यादीत नाही. शिमगा त्या वर्षी 19 मार्चला आला; पालखी नाचवायला आम्ही पोचलो तेव्हा गावचा आकडा बंद होऊन जवळजवळ तीन आठवडे झाले होते.

तिसरी पायरी: दोन शिड्या, दोन भाऊसाहेब

जिल्ह्याचा कारभार दोन वेगळ्या शिड्यांवरून चालतो. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या फेऱ्या वाचतात.

पहिली शिडी महसुलाची. वर जिल्हाधिकारी, खाली प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, मग तहसीलदार, मग सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी, आणि सगळ्यात खाली तलाठी. तलाठ्याकडे एक सजा म्हणजे त्याच्या कामाचा टापू असतो, त्यात बहुधा एकाहून जास्त गावं. जमिनीचं काहीही असो, सातबारा, फेरफार (हक्क बदलल्याची नोंद), वारस, नुकसानीचा पंचनामा, ही शिडी. तलाठ्याचा मदतनीस कोतवाल. पोलीस पाटीलही गावातलाच, त्याची नेमणूक प्रांत करतो.

दुसरी शिडी पंचायत राजची. गावात ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद. सरपंच, सभापती, अध्यक्ष हे निवडून आलेले. त्यांच्या जोडीला नोकरशाहीतले ग्रामसेवक, गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सीईओ. नळपाणी, वाडीचा रस्ता, दिवाबत्ती, शाळेचं छप्पर, घरपट्टी, घरकुल, जन्ममृत्यूची नोंद हे सगळं इकडे. महाराष्ट्रात ही रचना 1 मे 1962पासून आहे. त्या आधी वसंतराव नाईक समितीने राज्यासाठी आराखडा दिला आणि 1961चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आला. ग्रामपंचायतीचा कायदा त्याहून जुना, 1958चा. राज्यात 36 जिल्हे पण जिल्हा परिषदा 34, कारण मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांत खेडंच नाही. म्हणूनच आपल्याला झेडपी म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नसतं. आपण महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसावर वाढलो.

अडचण अशी की गावात तलाठ्यालाही भाऊसाहेब म्हणतात आणि ग्रामसेवकालाही. "भाऊसाहेबांना भेटून ये" असं काकांनी फोनवर सांगितलं तर कोणते भाऊसाहेब ते लगेच विचारा. 2024 साली सरकारने पदांची नावंही बदलली. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी, आणि ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी. पाटीवर नवीन नाव, लोकांच्या तोंडी जुनंच. अर्जावर नवीन लिहा, बोलताना जुनं वापरा.

तालुक्याच्या वर काही अडलंच तर मुंबईत राहण्याचा एक फायदा आहे. कोकण विभागाच्या विभागीय आयुक्तांचं कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात आहे, हार्बरच्या लोकलने जाता येतं. ग्रामविकास खातं फोर्टात मर्झबान पथावर बांधकाम भवनात बसतं. पण तिथे पहिल्याच दिवशी धावू नका. वरच्या कचेरीत पहिला प्रश्न हाच येतो की खाली अर्ज केला होता का, आणि त्याची पोच कुठे आहे.

चौथी पायरी: दोन "आठ"

माझी स्वतःची फजिती सांगतो. घर दुरुस्तीच्या एका कामासाठी "आठचा उतारा आणा" असं मला सांगितलं होतं. मी तलाठ्याकडून आठ अ घेतला, रात्रीच्या गाडीने मुंबईला आलो, आणि खिडकीवर कळलं की हा नव्हे. हवा होता ग्रामपंचायतीचा नमुना आठ. एक रजा आणि दोन तिकिटं वाया.

फरक असा. गाव नमुना आठ अ हा महसुलाचा: एका खातेदाराच्या नावावर गावात एकूण कोणकोणते गट, म्हणजे जमिनीचे तुकडे, आहेत याची यादी. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरांचा, ज्याला गावात असेसमेंट म्हणतात: घर क्रमांक, मालकाचं नाव, बांधकामाचं वर्णन, घरपट्टी किती. पहिला जमिनीचा, दुसरा घराचा. आणि असेसमेंटवर नाव आहे म्हणजे खालची जागा तुमची झाली असं समजू नका. ती कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. कोकणात घर एकाचं आणि जागा सामायिक खात्यात वीस जणांची, हे चित्र घरोघरी.

सातबारा हा खरं तर दोन नमुने एकत्र: सात म्हणजे हक्काची नोंद, बारा म्हणजे पिकांची. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून घरबसल्या 15 रुपयांत निघतो आणि कचेरीत चालतो. क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं. 100 आर म्हणजे एक हेक्टर. 40 गुंठ्यांचा एकर, आणि एक गुंठा 101 चौरस मीटरच्या किंचित वर, म्हणून आर आणि गुंठा व्यवहारात सारखाच धरतात.

वडील किंवा आजोबा गेले असतील तर वारसनोंद लांबवू नका. कायद्याने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण पिढी मधे गेली की वारस सहाचे साठ होतात, आणि त्यातला एक सुरतेला, एक दुबईला. अर्जासोबत मृत्यूचा दाखला लागतो, तो मृत्यू जिथे झाला तिथलाच. परळच्या इस्पितळात गेलेल्या माणसाचा दाखला महापालिका देणार; तो ग्रामसेवकाकडे मागून उपयोग नाही. अर्जानंतर फेरफार नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, आणि हरकत नसेल तर सर्कल नोंद मंजूर करतो. ते 15 दिवस भावकीशी फोनवर गोड बोला. एक हरकत आली की प्रकरण पुढे किती वर्षं चालेल हे कुणी सांगू शकत नाही.

पाचवी पायरी: गावाचा पैसा आणि तुमचं मत

ग्रामपंचायतीत सदस्य किती हे लोकसंख्येवर ठरतं. 1,500पर्यंत 7, 3,000पर्यंत 9, आणि असं चढत 7,500च्या वर 17. थेट निवडून आलेला सरपंच वेगळा. थेट निवड 2017 साली आली, 2020 साली गेली आणि 2022 साली परत आली. पुढे काय ते पुढे. राज्यात महिलांना अर्ध्या जागा राखीव आहेत. वित्त आयोगाचा निधी वाटतानाही लोकसंख्या हा मोठा निकष. म्हणजे आपण मुंबईत मोजले गेलो की गावच्या वाट्याच्या पाइपलाइनचा एक तुकडा आपल्यामागून गेला.

हा निधी बंधित आणि अबंधित असा येतो. बंधित पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठीच. त्यातून सभामंडप का होत नाही म्हणून सरपंचाशी भांडणारे मुंबईकर मी पाहिलेत; चूक सरपंचाची नसते. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च वर्षवार दिसतो. गावात फोन करून "पैसे कुठे गेले" विचारण्याआधी तो बघा. तिथेही उलगडलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर, आणि ग्रामपंचायतीचा जन माहिती अधिकारी ग्रामसेवकच. पण मी तरी तो अर्ज शेवटी ठेवतो. गाव लहान असतं, अर्ज पोस्टातून पोचायच्या आत बातमी पोचते, आणि पुढच्या गणपतीत आरतीला शेजारी उभं राहायचं असतं.

वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा रूढ आहेत. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतलं जे कमी असेल ते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन नाही. बरेच ठराव अशाच सभेत होतात. तेव्हा "सभा झालीच नाही" हे ऐकून निर्धास्त राहू नका, तहकूब सभेची तारीख विचारा.

ग्रामसभेचा सदस्य कोण? गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव तो. देवळाला किती वर्गणी दिली याचा संबंध नाही. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीतूनच निघते, आणि कायद्याने एका माणसाचं नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही. तुमचं मत लालबागला असेल तर गावच्या ग्रामसभेत तुम्ही पाहुणे. बसा, ऐका, चहा घ्या. हात वर करू नका. दोन्हीकडे नावं असणारे आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी नवख्याने ती वाट धरू नये, तो गुन्हा होऊ शकतो.

ज्यांचं गाव पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाड्याकडे आहे, त्यांना यात पेसा म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा जोडून वाचावा लागेल. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचे अधिकार बरेच जास्त आहेत, आणि स्वतंत्र पाड्याचीही ग्रामसभा होऊ शकते.

पुढची जनगणना

अधिसूचनेनुसार पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, आणि त्याआधी 2026मध्ये घरांची यादी. यावेळी स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरायची सोय आहे आणि जातीची नोंदही. मंडळात आत्ताच चर्चा सुरू आहे की सगळ्यांनी गावी नाव लावावं. तसं करू नका; राहता तिथेच मोजणी. त्यापेक्षा जन्मस्थान, आधीचं राहण्याचं ठिकाण, स्थलांतराचं कारण असे प्रश्न आले तर नीट उत्तर द्या. 2011च्या अर्जात ते होते आणि घाईघाईत "इथलेच" म्हणून मोकळे होणारे पुष्कळ होते. रत्नागिरीहून मुंबईत किती माणसं आली याचा तक्ता त्याच उत्तरांतून बनतो. गावचं बंद घर मात्र घरयादीत दिसेल असं बघा. शेजाऱ्यांना सांगून ठेवा की कुणाचं आहे.

प्रत्यक्ष जाताना

शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडून शनिवारी तहसीलला जाण्याची सवय सोडा. 29 फेब्रुवारी 2020पासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार-रविवार दोन्ही दिवस कुलूप. रविवारी रात्री निघा, सोमवारी सकाळी पोचा. तलाठी कोणत्या वारी कोणत्या गावात बसतो ते आधी फोनवर विचारा, कारण सजात चार गावं असली तर तुमच्या गावाला आठवड्यातून एखादा दिवस येतो. सोमवार बहुधा बैठकांचा जातो, म्हणून मंगळवारपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

पिशवीत एवढं हवं: कोड लिहिलेली वही, जुना सातबारा आणि आठ अ, असेसमेंटचा उतारा, घरपट्टीच्या शेवटच्या पावत्या, आधार, मृत्यूचा दाखला असल्यास तो, आणि अर्जाची जास्तीची प्रत, जिच्यावर शिक्का आणि तारीख घालून पोच घ्यायची. झेरॉक्सचं दुकान तहसीलसमोरच असतं, पण पावसाळ्यात लाइट गेलेली असते. प्रती मुंबईहूनच काढून न्या.